बाजाराचं सोयरसुतक

धाकटा गेला तेव्हा थोरली रडली नाही, आणि नंतरही नाही. जेवायची, झोपायची, वेळेवर वर्गात जायची. पण हे सगळं दुसऱ्याच कुणाचं चाललंय आणि आपण नुसत्या बाजूला उभ्या आहोत, असं तिला वाटे. ती वित्तीय अर्थशास्त्रात एम.ए. करत होती. धाकटा सिमेंटच्या कारखान्यात होता. भट्टीच्या दुरुस्तीला चढला आणि वरून पडला. कंपनीचा एक साहेब भेटायला आला, तोही गाडी चालूच ठेवून.

"या लोकांना काही सोयरसुतक आहे का गं?" तो गेल्यावर आईने विचारलं होतं.

थोरलीने प्रबंधाला हाच प्रश्न घेतला, फक्त शहाण्यांच्या भाषेत: कारखान्यात माणूस दगावला की त्या कंपनीच्या शेअरचा भाव पडतो का? तिने ठिकठिकाणचे अपघात गोळा केले. त्या दिवशी एकूण बाजार पाहता भाव किती हलायला हवा होता आणि प्रत्यक्षात किती हलला, एवढंच काढायचं. एवढ्यासाठी माणसं केस पिकवतात! आईला शेअर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण दर रविवारी फोनवर ती न चुकता विचारायची, "दिसलं का?"

थोरलीच्या सरांना पोरं चाळणी म्हणत, कारण त्यांच्या हातून खडा सुटत नसे. त्या दुपारी संगणकाच्या प्रयोगशाळेत त्यांनी पडद्यावरच्या एका ओळीवर नेमकं बोट ठेवलं.

"या कंपनीचा तिमाही नफा याच दिवशी जाहीर झालाय. भाव चढला तो त्यामुळे. तुझा नियम काय सांगतो?"

नियम तिनेच पहिल्या प्रकरणात लिहिला होता. सगळेच लिहितात म्हणून तिनेही डोळे मिटून लिहिला: त्याच दिवशी दुसरी मोठी बातमी असेल, तर तो अपघात वगळायचा.

"काढायचा," ती म्हणाली.

"मग ठेवलास कशाला? माया जडली की काय?"

ती कसनुसं हसली. ती ओळ धाकट्याची होती, हे बिचाऱ्या सरांना काय माहीत!

"काढ आणि पुन्हा चालव. मी इथेच आहे."

पुन्हा चालवून काय येणार, हे तिला ठाऊक होतं. तिने गुपचूप करून पाहिलं होतं. धाकटा आत असला की उत्तर यायचं, काही सांगता येत नाही. धाकटा बाहेर काढला की उत्तर स्वच्छ: माणूस गेला की भाव पडतो, बाजाराला लागतं. फक्त तिच्या भावाला वगळायला हवं.

ती उठून जिन्यात आली आणि घरी फोन लावला.

"आज कसा गं फोन? बरी आहेस ना?"

"बरी आहे. आई, दिसलं. भाव पडतो."

"धाकट्याच्या वेळीपण?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. शब्द ओठांवर आला होता.

"नाही. त्या दिवशी चढला. कंपनीला नफा झाल्याची बातमी होती."

पलीकडे नळ वाहत होता. आईने तो बंद केला.

"म्हणजे त्यांना पत्ताच नाही."

"नाही."

"मग त्याला तिथे कशाला ठेवलंयस अजून?"

"काढला तर माझ्या अभ्यासात त्याचा मागमूस राहणार नाही, आई. कुठेच राहणार नाही."

"कुठेच कसा नाही? माझ्याकडे आहे की! काढ त्याला त्या लोकांतून. पुरे झालं."

थोरली परत आत आली. तिने ती ओळ पुसली आणि आकडेमोड पुन्हा चालवली. सर पुढे झुकून बघत होते.

"आता कसं! याला म्हणतात निकाल," ते खूश होऊन म्हणाले. "उद्या बसून शेवटचं प्रकरण लिहून टाक."

"उद्या नाही जमणार, सर. मला घरी जायचंय."

"आत्ता, ऐन वेळी? काय झालं?"

"माझा भाऊ गेला," ती म्हणाली, आणि त्यांच्यासमोरच तिला रडू कोसळलं.

"अरेरे," सर गडबडून खुर्चीतून उठले. "कधी?"

तिला सांगता येईना.