क्लॅरीचे टाके

बूरा क्रीकच्या पत्र्याच्या शेडमध्ये विमानाचे तुकडे मांडले होते, आणि एफी ट्रेविनचा जीव टांगणीला लागला होता. मेलबर्नहून आलेले तपासणी अधिकारी हॅस्लम आज उजवा पंख पाहणार होते. टपाल नेणाऱ्या कंपनीच्या तिन्ही विमानांच्या पंखांवर लिननचं कापड तीच शिवायची. हवेत असताना पंखाचं कापड सुटलं आणि तिचा धाकटा भाऊ, वैमानिक क्लॅरी, टपालाच्या थैल्यांसकट माळावर कोसळला, एवढं गावाला ठाऊक होतं. कापड नेमकं कुठल्या टाक्यांतून सुटलं, तेवढं कळायचं बाकी होतं. आपल्याच हातानं आपण त्याला मारलं का, हा एकच विचार आठ दिवस तिला खात होता.

तिच्या शिवणीत प्रत्येक टाक्याला गाठ असे. एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. बोटं सोलतात, पण दुसरी रीत नाही. आई गेल्यावर क्लॅरीला तिनंच वाढवलं, ही गाठही दहादा शिकवली. पण स्वारी म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. जरा शिवलं की सुई टाकायचा आणि म्हणायचा, "तू आहेस ना."

हॅस्लमनी फाटका तुकडा उलटा केला. एफी वाकली. तिचे टाके जसेच्या तसे होते. त्यांच्या पलीकडे मात्र हातभर ठिगळ होतं, खोगीर शिवायच्या जाड दोऱ्यानं घातलेला नुसता धावदोरा. गाठ एकही नाही.

ती काय ते समजली. कुठल्यातरी मेंढ्यांच्या कुरणावर उतरताना कुंपणाच्या तारेनं पंख फाटला असणार. अशा वेळी निरोप धाडायचा आणि एफी मोटारीनं पोचेपर्यंत बसून राहायचं, असा नियम होता. दोन दिवस बसेल तो क्लॅरी कसला! तिच्या छातीवरचा दगड उतरला, आणि उतरल्याची तिला शरम वाटली.

"ही शिवण कोणाची?" हॅस्लमनी विचारलं.

खरं सांगितलं तर अहवालात वैमानिकाचा निष्काळजीपणा लिहिला जाणार, पेपरात छापून येणार. गुत्त्यात लोक आताच म्हणत होते, ट्रेविनचा पोरगा आगाऊच होता.

"माझी," एफी म्हणाली.

"नीट पाहून सांगा, बाई. तुमचं काम जाईल."

"पाहिलं, साहेब. त्या दिवशी मी घाईत होते."

ते तुकडा बांधायची दोरी आणायला बाहेर गेले, तसा म्हातारा मेकॅनिक ऑसी जवळ आला. तिच्या गाठी त्याच्या रोजच्या पाहण्यातल्या.

"एफी, अगं आंधळ्यालाही कळेल, ही शिवण तुझी नाही."

"तू आंधळा नाहीस ना, मग मुका हो."

ऑसीनं टोपी काढली.

हॅस्लम परतल्यावर तिनं ठिगळाचा तुकडा मागितला. पुरावा मेलबर्नला जायला हवा, ते म्हणाले. निदान एक कोपरा द्या, ती म्हणाली.

"तुमचंच तर काम आहे हे. त्याचं काय करणार तुम्ही?"

तिनं पुढे केलेला हात मागे घेतला. त्यांनी तुकडा कागदात गुंडाळला, वर तिचं नाव लिहिलं आणि दोरी आवळली. भावाच्या हातचं शेवटचं काम तिच्या डोळ्यांदेखत हॅस्लमच्या पेटीत गेलं.