देवकाबाईचा चोविसावा भाग

"मले कमळ नको दाखवू. मालोबा शिकव."

देवकाबाईने अंगणवाडीतला अक्षरांचा तक्ता उलटा करून भिंतीला टेकवला. "सारा जलम कमळाच्या वेली बाजूले सारून मासोळ्या धरल्या. आता कागदावरचं पाहून का करू?"

मी इथली अंगणवाडी सेविका. वीस पोरं सांभाळते, पण अभ्यासक्रम बदलायला मला त्यांनी कधी लावलं नव्हतं. साठीच्या या बाईने पहिल्याच दिवशी लावलं. मग आम्ही 'मालोबा'पासूनच सुरुवात केली.

बारगीर मालोबा हा मराठेशाहीतला एक घोडेस्वार आणि त्याच्या पराक्रमांच्या कादंबरीचे भाग छत्तीस. देवकाबाईचा नवरा देवानंद पोंभुर्ण्याच्या वाचनालयातून सायकलवर एकेक भाग आणायचा. दुपारी अंगणात बाई जाळं दुरुस्त करायची आणि तो मोठ्याने वाचायचा. शेजारच्या बायाही आपापलं काम घेऊन बसत. रजिस्टरं घेऊन मीही कितीदा बसलेय. लढाई आली की देवानंदभाऊ उठून उभा राहायचा, आणि वैऱ्याच्या वाट्याच्या शिव्या समोरच्या कोंबड्यांना खाव्या लागायच्या.

आम्हाला मालोबा आवडायचा, पण देवकाबाईचा जीव झिंगूवर. झिंगू हा मालोबाचा ढिवर साथीदार, बाईसारखाच मासेमार जातीचा. नदी आडवी आली की तो डोंगा घेऊन हजर. भोवरा कुठे, खडक कुठे, सगळं त्याला ठाऊक. तेविसाव्या भागाच्या शेवटी त्याच झिंगूच्या खांद्यात बाण घुसला.

"वाचते का नाई तो?" बाईने जाळं खाली टाकून विचारलं.

"चोविसाव्यात समजन," देवानंदभाऊ हसून म्हणाला.

चोविसावा आणायच्या आधीच तो गेला. सकाळी छातीत कळ आली, आणि दवाखान्याची गाडी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरवी आटोपल्यावर बाई माझ्याकडे आली. मी म्हटलं, "बाई, मी वाचून दाखवतो ना."

"तुले रजिस्टरातून फुरसत कुठी? मीच वाचतो. झिंगूचं का झालं ते मले माह्या डोळ्यानं पाहाचं आहे."

आठ महिने लागले. मासळीची पाटी विकून आली की बाई थेट अंगणवाडीत. जोडाक्षरांवर तिचा भारी राग. "ह्या अक्षराच्या डोक्यावर हे दुसरं काऊन चढून बसलं?" म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी तेच अक्षर घोटून आणायची. पोरं हसायची, बाईही हसायची, पण पाटी सोडायची नाही. शेवटी एकटीच बसने पोंभुर्ण्याला गेली आणि चोविसावा भाग घेऊन आली. ओळीखाली बोट ठेवून तीन आठवडे वाचत होती.

मग एक दिवस ते पुस्तक तिने माझ्या रजिस्टरावर आदळलं. "रीना, यात झिंगू नाई."

मी पान न् पान चाळलं. खरंच नव्हता. तेविसावा मागवला, त्यातही नाही. पहिल्यातसुद्धा नाही. नदी आली की प्रत्येक भागात एकच ओळ: 'मालोबाने पुरात घोडा घातला आणि पैलतीर गाठला.'

मला वाटलं, आता बाई रडणार.

"तेवीस भाग!" बाई कडाडली. "तेवीस भाग फसवलं मले त्या मानसानं!"

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग आणखी एकदा, हळू.

"पुरात घोडा घातला?"

"तसंच लिहून आहे, बाई."

"लिहिनाऱ्यानं नदी पाह्यली का कधी? वैनगंगेच्या पुरात घोडा घालून पाहा म्हना त्याले. घोडाबी जाते न् मानूसबी जाते." तिने त्या ओळीवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "नदी आली की माहा मानूस वाचता वाचता थांबून पानी पेत जाय. मले वाटे, वाचून वाचून दमला."

माझे डोळे भरून आले. तिचे कोरडेच होते. तिने पुस्तक पदराने पुसलं आणि घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने साऱ्या बायांना अंगणात बोलावलं. एक पाय दुमडून, पुस्तक मांडीवर घेऊन ती चोविसावा भाग मोठ्याने वाचू लागली. अडखळत होती, पण कोणी हसलं नाही. जाळं तसंच बाजूला पडलं होतं. मालोबा जंगलातून निसटला, वैरी मागे लागला, समोर नदी आली.

'मालोबाने पुरात...' बाई थांबली. बोट ओळीखाली तसंच राहिलं.

"मंग?" शेजारच्या दुर्गाला दम निघेना. "झिंगू आला का वो बाई? नेते का त्याले पलीकडे?"

"घाई काऊन करता?" देवकाबाई नजर न उचलता म्हणाली. "डोंग्याले दोन हात लागते. आधी त्याच्या खांद्यातला बान काढा लागन."