तळाचं माप

“सर, टाकीत मीटरवर वर शून्य आलं, मधी शून्य आलं, मग तळाला आणि कशाला मापायचं?” मागच्या बाकावरून ऋतुराजनं विचारलं.

“तेलाची वाफ हवेपेक्षा जड असती. तळाला दडून बसती. तळ न मापता ठिणगी पाडलीस, तर घरच्यांना तुझी राख बी मिळायची न्हाय.”

वर्ग हसला. विजयसिंह हसला नाही. वीस वर्षं तेलाच्या जहाजांवर पंपमन म्हणून काढून तो आता राजारामपुरीतल्या या क्लासमध्ये, जहाजावर निघालेल्या पोरांना आग कशी टाळायची ते शिकवत होता. त्या कामाला कातडी जाड लागते. त्याची होती, फक्त डावा हात कोपरापर्यंत भाजलेला.

आज नेसरीहून धोंडुबाई आली होती. तिचा सम्राट त्याच्याच जहाजावर वेल्डर होता. चार वर्षांपूर्वी टाकीत जळून मेला. म्हातारी आपणहून पोरांपुढं उभी राहिली.

“माझ्या पोरानं घाई केली. टाकीत उतरायच्या परवान्याची वाट बघितली न्हाय. तुमी तसं करू नगासा, बाळांनो.” मग विजयसिंहाकडं वळून तिनं हात जोडले. “तुजा हात जळला त्याच्यापायी. माफ कर, लेकरा. लाजंनं त्याचा फोटो बी लावला न्हाय मी घरात.”

विजयसिंहाला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

चार वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी वाफ मापायच्या मीटरची नळी टाकीत मध्येच अडकली होती. जेवणाची घंटा झाली होती. त्यानं नळी वर ओढली आणि परवान्यावर वर, मध्ये, तळाला अशी तीन शून्यं ठोकून दिली. “तळ बघितलासा न्हवं?” सम्राटनं विचारलं होतं.

“आरं, गाववाल्यावर भरोसा न्हाय व्हय?”

दुसरा कुणी असता तर मीटर दाखव म्हणाला असता. सम्राट ओशाळून हसला आणि शिडी उतरला. भडका उडाल्यावर त्याला विजयसिंहानंच ओढून बाहेर काढलं, हे खरं. पण चौकशी यायच्या आत त्यानंच तो परवाना फाडून समुद्रात टाकला, हेही तितकंच खरं. पोरगा विचारल्याबिगर उतरला, असं त्यानं साहेबांना सांगितलं. मेलेला माणूस काय बोलणार?

“मावशी, हात खाली घ्या,” तो म्हणाला. “त्यानं इचारलंतं. परवाना मीच दिला. तळ मापलाच न्हवता मी. खोटं लिवलं, आणि वर त्याच्याच नावावर खपवलं.”

धोंडुबाईचे जोडलेले हात खाली आले.

“इचारलंतं त्यानं?”

“व्हय.”

“चार वर्सं मी गावाफुडं मान खाली घालून फिरलो की रं.”

त्याला वाटलं, आता थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. म्हातारी पोरांकडं वळली. “सम्राट नाव त्याचं,” ती म्हणाली. “इचारून काम करायचा.”

ती जिन्याकडं निघाली. पायऱ्या उंच होत्या. विजयसिंहानं धावत जाऊन आधाराला हात पुढं केला.

तिनं भिंत धरली, आणि एकेक पायरी उतरत गेली.