माझ्या जागेवर कुंडी

चर्चमधल्या मेजावर माझ्या जागी शेवंतीची कुंडी ठेवलेली होती. दारातूनच ती दिसली आणि मला मागे फिरावंसं वाटलं. थापीला कसलं वाटणं, म्हणाल. पण मी गवंड्याची थापी बोलतेय, आणि स्वभावाने मी भित्री. हातातून सुटून फरशीवर पडले की खण्णकन् वाजते आणि माझ्याच आवाजाने दचकते. आज मात्र मागे फिरणार नाही, आधीच सांगते.

मी मालेगावची. मोडक्या ट्रकच्या पाट्याला लोहाराने ठोकून ठोकून मला पातळ केलं. माझी बाभळीची मूठ बाबूलाल सुतारांनी बसवली. माझे धनी माणिकराव गवंडी. दोघांचं सख्य असं, की "माणिक, तुही भिंत तिरपी" आणि "बाबूलाल, तुही चौकट वाकडी" म्हटल्यावाचून त्यांचा चहा संपायचा नाही.

आमच्या वस्तीतल्या चर्चमध्ये वर्षातून एकदा कारागिरांची उपासना असते. हत्यार धुऊन, तेल लावून पांढऱ्या फडक्यात आणायचं. थेट आत शिरायचं नाही. दारात उभं राहून हाक द्यायची, "सुतार आले, जागा हाये काय?" आतून दुसऱ्या धंद्यातल्या कुणीतरी "हाये, या" म्हणायचं. घरच्यांचं उत्तर चालत नाही, उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांचंही नाही. मग हत्यार मेजावर जातं. ज्याचं हत्यार मेजावर, त्यालाच वस्ती कारागीर मानते आणि कामाला बोलावते.

माणिकरावांची नजर गेली तेव्हा त्यांच्या मुलीने, ज्योत्स्नाने मला उचललं. कॉलेज शिकलेली पोर. तिने विटा रचायच्या, माणिकरावांनी बोटांनी भिंत चाचपायची. लोक म्हणायचे, माणिकरावांनी बांधली. ज्योत्स्ना लोकांच्या लेखी रेजा, माल कालवणारी.

या उन्हाळ्यात माणिकराव गेले. पाहुणे म्हणाले, थापी त्यांच्या फोटोखाली काचेत ठेवा. काचेत? जन्मभर सिमेंट खाल्लंय मी. ज्योत्स्नाने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला कामावर नेलं.

कुंडी ठेवली होती वस्तीतल्याच अनुपने. दरवर्षी मेज तोच सजवतो. वाईट मनाने नव्हे. माणिकरावांना मुलगा नाही, म्हणजे गवंड्याचं घर मिटलं असं त्याने धरलं, आणि रिकामी जागा बरी दिसेना म्हणून भरून टाकली.

"ज्योत्स्ना, आत येऊन बायांच्या बाजूनं बस ना," तो दारात येऊन हळूच म्हणाला. "काकाचं नाव घेतो आपण प्रार्थनेत."

"बाबाचं नाव घ्या. हाक मी देईन."

"हाक कारागिरानं द्याची."

"मंग तुह्या घराची भिंत कोनं बांधली?"

"काकानं."

"काका खाटेवर बसून चहा पीत होते, अनुपभाऊ. तुयीच माय देत होती चहा."

अनुप बाजूला झाला. ज्योत्स्ना उंबऱ्यापर्यंत आली, एक पाऊल मागे गेली, पुन्हा आली. आम्ही दोघी सारख्याच भित्र्या.

"गवंडी आले. जागा हाये काय?"

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटून वाट पाहिली. शिंप्याने कात्रीचं फडकं नीट केलं, लोहाराने खाली पाहिलं. मागून कुणी बाई हसली, "रेजा आली म्हना."

ऐका, मी लोखंड आहे. या चर्चच्या पायऱ्यांवर, ज्यांवरून तुम्ही चढून आलात, माझा हात फिरलाय, आणि तो हात ज्योत्स्नाने धरला होता. मला फुलांच्या मागे लपवायचं असेल तर आधी त्या पायऱ्या उतरा.

"गवंडी आले," ज्योत्स्नाचा आवाज फाटला, पण चढला. "जागा हाये काय?"

पुढच्या बाकावरून बाबूलाल उठले. गुडघे धरत मेजापाशी गेले. मला वाटलं, रंधा घेऊन घरी निघाले. त्यांनी कुंडी उचलली आणि अनुपच्या हातात दिली.

"औंदा अनुपच्या घरी चौकट बसवली म्या," ते सगळ्यांना म्हणाले. "माणिकच्या भिंतीत फट राहाची, दरवेळी पाचर माराची. हिच्या भिंतीत पाचर शिरलीच नाही."

मग दाराकडे वळले. जन्मभर जिला "पोरी, चहा आन" म्हणत आले, तिला म्हणाले,

"जागा हाये, मिस्त्री. या."