धानाच्या पोत्याहून हलका

पत्रू रामटेके जाडा झाला होता, हे साऱ्या गावाला दिसत होतं. दिसत नव्हतं ते फक्त पत्रूला. त्याच्या मते सदरे आखूड होत चालले होते, आणि मूल गावच्या बाजारातला कापडवाला आजकाल कापडात लबाडी करत होता. असं त्यानं दोन वर्षं रेटून नेलं. माणूस मनावर घेईल तर काय काय रेटून नेतो, सांगता सोय नाही.

पण चौऱ्याऐंशीच्या शंकरपटात ते उघडं पडलं. धान निघून कोठ्या भरल्या, की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव पट भरतात. दोन बैलजोड्या शेजारी शेजारी सुटतात, मागे नावालाच असा हलका छकडा, आणि त्यावर बसून जोडी हाकणारा तो धुरकरी. पत्रू धुरकरी होता, आणि चांगला होता. त्या वर्षी बापूरावाच्या जोडीपुढे त्याची जोडी वीतभर मागे राहिली, तेव्हा बांधावर बसलेली म्हातारी माणसंसुद्धा एकच बोलली, की बैल पळाले, धुरकरी जड झाला. पत्रूनं ऐकलं, आणि मैदानाच्या जमिनीत खड्डे फार आहेत असं म्हणत घरी आला.

आता यातली अडचण अशी, की जोडी त्याच्या एकट्याची नव्हती. चांद्या पत्रूचा, पाखऱ्या त्याच्या मोठ्या भावाचा, देवाजीचा. एका बैलानं पट होत नाही. देवाजी म्हणजे वाळकं लाकूड, मोजकं बोलायचा आणि बोलला की त्यावर पाणी फिरवायची कोणाची छाती नव्हती. बाप लवकर गेल्यावर त्यानंच पत्रूला वाढवलं होतं, त्यामुळे पत्रू चाळिशीला आला तरी भावापुढे मान वर करत नसे. पुढच्या वर्षी धान कापायला आलं, तेव्हा देवाजी त्याला धानगिरणीत घेऊन गेला आणि मालाच्या मोठ्या, दोन पारड्यांच्या काट्याकडे बोट दाखवून म्हणाला, "पत्र्या, पाखऱ्या माहा हाये. धानाच्या भरल्या पोत्याहून जड माणूस मी त्याच्या मागं बसू देणार नाई. पटाआधी इथी बसजो. पोतं खाली गेलं, तं कासरा तुह्या हाती. तू खाली गेला, तं गुलाब बसंल."

गुलाब म्हणजे पत्रूचा साळा, त्याच्या बायकोचा, कांताचा, धाकटा भाऊ. ऊर्जानगरला वीजकेंद्रात कामाला, रोज सायकल हाणणारा, अंगावर चिमटीत धरायला मांस नाही असा पोरगा. पत्रूनं मान डोलावली आणि घरी आला. तशी गावात त्याची काय ओळख होती? थोडं धान, एक घर, बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठाला वांग्याची वाडी. पण पटाच्या दिवशी चार गावांची माणसं त्याचं नाव घ्यायची. चांद्याला तर त्यानं वासरू असताना मायेविना वाढवलेलं. त्याचा कासरा दुसऱ्याच्या हातात बघायचा, या विचारानंच त्याला रडू आलं, आणि ते त्यानं कडब्याच्या आड उरकून घेतलं.

मग सुरू झाले सल्ले. जाड्या माणसाला सल्ला द्यायला शिक्षण लागत नाही, तोंड असलं की पुरतं. गुलाब काही वाईट पोरगा नव्हता. धुरकरी व्हायची हौस लपवत लपवत तो भाऊजीला मनापासून सांगायचा. त्याच्या क्वार्टरच्या शेजारचा साहेब म्हणे उकडलेला दुधी आणि कोरड्या दोन पोळ्या खातो, भाताला शिवत नाही, आणि वेताच्या छडीसारखा चालतो. पत्रूनं भात बंद केला. झाडीचा माणूस, जन्मात भाताशिवाय जेवण माहीत नाही. चार दिवसांत पोटाचा दगड झाला, छातीत आग, आणि पारा असा चढला की दारात आलेल्या कोंबडीशीही भांडायचा. कांतानं तोंडावर पदर धरून दिवस काढले.

दुधी सुटला तर शेजारचा लटारू आला. त्यानं कडुनिंबाचा रस आणि एकवेळचं जेवण सांगितलं. तेही झालं. त्यानंतर पत्रूनं स्वतःचं डोकं चालवलं आणि एकवेळचंही सोडलं. परिणाम काय, तर ऐन खळ्यावर पेंढ्या टाकता टाकता डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि गडी धानाच्या ढिगावर पालथा. माणसांनी बैलबंडीत घालून घरी आणला. कांता घाबरली, मग रडली, आणि तो डोळे उघडून पाणी मागतो असं दिसल्यावर तिनं त्याची अशी हजेरी घेतली की आणणारे लोक पाणी न पिताच पांगले.

पण तिच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला होता. माणूस घरात काही खात नाही, चक्कर येऊन पडतो, तरी कमरेचा करगोटा आहे तिथंच रुततोय, हे कसं? आधी तिला वाटलं, बसथांब्यावर भजी खात असेल. हॉटेलवाल्याला आडून आडून विचारलं. तो बिचारा म्हणाला, पत्रूभाऊ कित्येक दिवसांत फिरकले नाहीत, उलट गिऱ्हाईक तुटलं म्हणून मीच विचारणार होतो. मग एके दिवशी सकाळी पत्रू बैलांना खुराक घालायला गेला, तशी कांता शेणाची टोपली घेऊन मागोमाग गोठ्यात गेली आणि दाराशी थबकली.

पटाच्या बैलाचा खुराक म्हणजे काही कडबा नव्हे. उडदाचं पीठ, गूळ, तूप, वर अंडी, यांचे लिंबाएवढाले नाही, चांगले मुठीएवढे गोळे. पत्रू पाटीभर गोळे घेऊन बसला होता. एक गोळा उचलायचा, अर्धा आपल्या तोंडात, अर्धा चांद्याच्या. दुसरा उचलायचा, अर्धा आपल्या तोंडात, अर्धा पाखऱ्याच्या. चेहऱ्यावर भक्तिभाव असा, जणू वंदना चालू आहे.

"अवो, हे काय करून राह्यले?" कांतानं विचारलं.

"बैलायले चारून राह्यलो."

"अन तुमी?"

"मी कुठी खाऊन राह्यलो?" पत्रू खरोखर चकित झाला. चांद्या वासरू असताना तोंडच उघडत नव्हता, म्हणून त्यानं आधी आपण घास घेऊन दाखवायची सवय लावली होती. आता धन्यानं घास घेतल्याशिवाय तो बैल खुराकाला तोंड लावत नसे, आणि त्याचं बघून पाखऱ्याही तसाच शेफारलेला. पत्रूचं म्हणणं एवढंच, की हे बैलांचं काम आहे, यात आपलं खाणं आलं कुठून? बोलता बोलता त्याच्या हातातला अर्धा गोळा मध्येच थांबला. त्यानं गोळ्याकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे. कांता टोपली टाकून खाली बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पत्रू आधी रागावला, मग ओशाळला, आणि शेवटी तोही असा हसला की बैल दोघांकडे टकमक पाहत राहिले.

हसणं ओसरल्यावर कांता म्हणाली, "बैल पळते, अन तुमी त्याच्या मागं बसता. त्याचं अंग येगळं, तुमचं येगळं. अन त्या गुलाबच्या सायबाचं तं त्याहून येगळं. आता आपण तुमच्या अंगाले इचारू, त्याले काय पायजे ते."

तर तसं विचारणं सुरू झालं. गोठ्यात आधी वाडीतला मुळा आला. पत्रू मुळ्याचा तुकडा चावून दाखवायचा आणि गोळा अख्खा चांद्यापुढे धरायचा. पहिल्या दिवशी चांद्यानं हुंगून तोंड फिरवलं आणि रुसून बसला. पत्रूचा जीव कासावीस झाला, हात गुळाकडे गेलाच होता, पण कांता दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी त्यानं मुळा असा कुरुमकुरुम मोठ्यानं चावला की चांद्याला खरं वाटलं आणि त्यानं जबडा उघडला.

घरात भात परत आला. तो आला त्या दिवशी पत्रूनं ताटाला हात जोडले. पण आता भाताचा डोंगर आणि कडेला भाजी असं नव्हतं, तर वाटीभर भात आणि त्याच्याभोवती वाडी आणि बोडी मिळून जे काही देतील ते. तुरीचं पातळ वरण, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, वालाच्या शेंगा, भेदरं म्हणजे टोमॅटो भाजून त्यावर हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून केलेली चटणी, जवसाची चटणी. बोडीतले बारीक मासे मिळाले की आंबट घालून रस्सा. सकाळी ज्वारीची आंबील प्यायली की दुपारपर्यंत त्याचं पोट शांत राहतं, असं दिसलं. वांग्याची तेलकट भाजी भाकरीबरोबर चालायची, भाताबरोबर घेतली की डुलकी यायची. हरभऱ्याची डाळ त्याला सोसत नव्हती, हे तर त्याला जन्मभर कळलंच नव्हतं. तो ती आवडीनं खायचा आणि रात्रभर कुशी बदलायचा. कांता पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे बौद्धांचे आठ नेम, पाळायची, दुपारनंतर जेवायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी अंग कसं फुलासारखं वाटतं ते तिला ठाऊक होतं. रोज तेवढं जमणार नव्हतं, पण दिवे लागायच्या आत जेवण आटपायचं, एवढं त्यांनी धरलं. झोप गाढ लागायला लागली.

आणि गंमत अशी, की पत्रूला यात शिक्षा वाटेना. आधी तो जेवणापुढे भांडण असल्यासारखा बसायचा, जिंकायचं किंवा हरायचं. आता कांतानं आज काय केलं असेल या उत्सुकतेनं शेतातून लांब पावलं टाकत यायचा. बैलांना बोडीवर न्यायचं तेही हाकत नाही, त्यांच्याबरोबर धावत. गावातली पोरंसोरं हसली. त्यानं हसू दिलं.

पटाच्या आदल्या दिवशी धानगिरणीत ही गर्दी. एका पारड्यात देवाजीनं स्वतः निवडून आणलेलं गच्च भरलेलं पोतं, दुसऱ्यात पत्रू मांडी घालून. हमालांनी हात काढले. काट्याची दांडी डोलली, पत्रू खाली, पोतं वर, पोतं खाली, पत्रू वर. त्यानं डोळे मिटून घेतले, कारण गुलाब समोरच उभा होता आणि त्या पोराचंही तोंड उतरायला नको असं त्याला मनापासून वाटत होतं. मग गलका झाला. डोळे उघडले तर पोतं जमिनीला टेकलेलं आणि तो स्वतः हवेत. गुलाबचं तोंड क्षणभर पडलंच, नाही कशाला म्हणा. पण त्यानं गळ्यातला पटासाठी घेतलेला कोरा दुपट्टा काढला आणि भाऊजीच्या डोक्याला घट्ट बांधला. देवाजीनं पोतं उचलून परत ठेवायला सांगितलं आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मैदान माणसांनी फुललं होतं. पत्रूची जोडी पुन्हा बापूरावाच्याच जोडीशी लागली. झेंडा पडला, आणि चांद्या-पाखऱ्या असे सुटले की पहिल्या झपाट्यात पत्रूच्या डोळ्यांत धूळच धूळ. मागच्या वर्षी या जागी छकडा खाली बसल्यासारखा वाटायचा. आज तो उसळत होता, आणि पत्रू त्याच्याबरोबर उसळत होता. अंग त्याचं ऐकत होतं. अर्ध्या मैदानात दोन्ही जोड्या शिंगाला शिंग. मग त्यानं कासरा सैल सोडला, चांद्याला नावानं हाक मारली, आणि काय झालं ते त्याचं त्यालाही नीट आठवत नाही. शेवटची रेघ आली तेव्हा त्याच्या शेजारी कोणीच नव्हतं.

छकड्यातून उडी टाकून, बैलांबरोबर धावत जाऊन त्यानं जोडी थांबवली. धाप लागली होती, पण उभा होता. माणसं गुलाल घेऊन पळत आली, आणि त्या साऱ्यांच्या पुढे, धोतर सावरत, पन्नाशीचा वाळका देवाजी. पटाची रीत अशी, की जिंकलेल्या धुरकऱ्याला खांद्यावर घेतात. तरणे गडी पुढे सरले, तर देवाजीनं त्यांना हातानं मागे लोटलं, धाकट्या भावाच्या कमरेला मिठी घातली आणि त्याला उचललं.

पत्रूला लाज वाटली, हसू आलं, भीतीही वाटली. "भाऊ, खाली ठेव," तो म्हणाला, "पडशीन."

देवाजीचे पाय लटपटत होते, डोळे भरून आले होते. "लई वर्सांनं उचललं तुले," तो म्हणाला, "जराशीक बस."