दामाजींचा दिवा आणि गणपती-दोन

सात वाजायला आले तसा आवडाबाईंच्या दारातला चपलांचा ढीग वाढत वाढत शेजारच्या सुदेशच्या उंबऱ्यापर्यंत आला. ठाकुर्लीच्या खाडीकिनारा सोसायटीचा दुसरा मजला गेले तीन आठवडे रोज असाच भरत होता. जिन्यात बायका, पॅसेजमध्ये पोरंटोरं, आणि तळमजल्यावरचे रतनशेठ, ज्यांना सोसायटीच्या मीटिंगला यायला आजवर कधी सवड झाली नव्हती, ते साडेसहापासून अगदी पुढची जागा धरून बसलेले. सगळ्यांचे डोळे एका फोटोवर. फोटो आवडाबाईंच्या यजमानांचा, कैलासवासी दामाजींचा. फोटोपुढे विजेचा एक छोटा लाल दिवा. दिवा बंद होता.

"कोणीही हात लावायचा नाही," कल्याणजवळच्या मोहन्याहून आलेले दीपनाथ महाराज डोळे मिटूनच म्हणाले. "ज्योत रुसेल. आत्मा म्हणजे काय? फ्रिक्वेन्सी! ती व्हायब्रेट झाली की व्होल्टेज तयार होतं. अमेरिकेत यावर संशोधन चाललंय."

अमेरिकेत नेमकं कुठे, ते कोणी विचारलं नाही. महाराजांचा शिष्य प्रशांत मांडीवरच्या पंचांगात डोकावला आणि हळूच खाकरला. तसा मंत्राचा वेग वाढला, महाराजांचा हात वर गेला आणि सात वाजून बारा मिनिटांनी त्यांनी हाक घातली, "ये दामाजी!"

दिवा लागला. सगळा मजला दणाणला. रतनशेठांनी दोन्ही कान धरले आणि आवडाबाईंनी डोळ्याला पदर लावला. दाराशी उभ्या असलेल्या सुदेशला मात्र आपलंच डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं, कारण हा दिवा कसा लागतो ते त्याला कळत नव्हतं.

सुदेशला विजेवर चालणारी एखादी वस्तू कळू नये, हीच मुळी नामुष्कीची गोष्ट होती. नोकरीने तो खोपटच्या एसटी डेपोत कारकून, पण जीव सगळा वायफायमध्ये. घरात पंखा, गीझर, बेडरूमचे दिवे, एवढंच काय माशांच्या टाकीचा पंपसुद्धा त्याच्या मोबाईलला विचारल्याशिवाय हलायचा नाही. भिंतीवर राउटर, टीव्हीमागे आणखी एक, माळ्यावर तिसरा. बायको सोनल म्हणायची, पूर्वी बटण दाबलं की दिवा लागायचा, आता दिव्याचा मूड बघावा लागतो. शिवाय सुदेश अंधश्रद्धेच्या नावाने सतत बोटं मोडायचा. सोसायटीच्या ग्रुपवर त्याची लांबलचक भाषणं पडायची आणि त्याखाली लोक हात जोडल्याची चित्रं टाकायचे.

तेव्हा महाराज आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तो भर गर्दीत म्हणाला होता, "टायमर असणार."

"टायमर?" महाराज गोड हसले होते. "टायमर रोज एकाच वेळेला लागतो, साहेब. आमचा दामाजी सूर्यासोबत चालतो. सूर्यास्त मागे सरकला की दिवासुद्धा मागे सरकतो. तुमच्या एसटीला तरी जमतं का असं वेळेवर?"

लोक खो खो हसले. सुदेश चिडून म्हणाला, "मग अंधार पडला की लागणारा दिवा असेल. बाजारात मिळतात."

"काल दुपारी चार वाजता ढगांनी काळोख केलेला. तेव्हा का नाही लागला?"

सुदेशने दोन-तीन दिवस लक्ष ठेवून पाहिलं. ते खरंच होतं. आभाळ गच्च भरलेलं असो की लख्ख, दिवा बरोबर सूर्यास्ताला लागायचा आणि रात्री दहाला आपसूक विझायचा.

दिवा पहिल्यांदा लागला तो दामाजींच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी. आवडाबाईंनी तो सकाळी फोटोपुढे मांडला, भिंतीतलं बटण दाबलं, पण तो काही लागला नाही. बिघडला असेल म्हणून त्यांनी तसाच सोडला. संध्याकाळी त्या एकट्याच फोटोसमोर बसून म्हणाल्या, "अहो, येकदा तरी बोला ना," आणि दिवा लागला. आता यानंतर कोणी बाईला फ्रिक्वेन्सी सांगितली काय आणि भूत सांगितलं काय, तिला सगळं खरंच वाटणार. महाराज तर नंतर, बातमी ऐकून आले.

इथवरही सुदेशने सोडून दिलं असतं. म्हातारीला बरं वाटतंय तर वाटू दे. पण त्या संध्याकाळी, म्हणजे गुरुवारी, जयघोष थांबल्यावर महाराजांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "दामाजी काय म्हणतायत ऐका. ही ज्योत राखायला घरातलीच कुमारिका पाहिजे. प्राप्ती बाहेरगावी जाणार नाही. उद्या संध्याकाळी तिच्याकडून संकल्प सोडून घ्यायचा. ही बाहेरची खोली आजपासून ज्योतीस्थान."

प्राप्ती ही आवडाबाईंची नात. आईबाप लहानपणीच गेलेले, आजोबांनी खाडीत जाळी टाकून वाढवलेली. तिला रत्नागिरीला मत्स्यविज्ञानाच्या कॉलेजात जागा मिळाली होती, आणि कागदपत्रं घेऊन तिथे हजर व्हायची शेवटची तारीख होती शनिवार.

अर्ध्या तासाने ती सुदेशच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. पलीकडे भजन चालूच होतं.

"काका, आजी माझं ऐकत नाय. म्हणते, आजोबांचा हुकूम आहे. उद्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय मी. तुम्हीच काहीतरी करा ना."

"अगं, मला एकदा तो दिवा हातात घेऊ दे, मग बघतो."

"हातच लावू देत नायत! सोमवारी दिवा लागला नाय, तर तेपण माझ्यावरच आलं."

सुदेशने मान वर केली. "सोमवारी लागला नाही? हे मला कोणी सांगितलं कसं नाही?"

"तुम्ही होतात कुठे? महाराज हाका मारून मारून दमले. मग वास घेत किचनमध्ये आले, आणि म्हणाले, सोमवारी बोंबलाची चटणी? ज्योत विटाळली! मीच केलेली दुपारी. तेव्हापासून घरात मासळी बंद. कोळ्याच्या घरात, काका! आजी रोज वरणभात खाते आणि रात्री भूक लागली म्हणून उठून बसते."

"तू होतास ना त्या टेबलाखाली," सोनल चहा ओतता ओतता म्हणाली. "सोमवारी सहा ते नऊ. नवीन राउटर बसवत होतास. टीव्ही बंद, नेट बंद, पंखा बंद. तुझ्यात नि त्या महाराजात मला तरी फरक दिसत नाही. तो म्हणतो ज्योत रुसली, तू म्हणतोस सर्व्हर डाऊन आहे. अंधारात मीच बसते."

सुदेशचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. सोमवारी सहा ते नऊ त्याचं वायफाय बंद होतं. सोमवारीच शेजारचा दिवा लागला नव्हता.

त्याने मोबाईल काढला. त्याच्या घरातल्या एकूण एक उपकरणांची यादी त्यात होती. हॉल पंखा, गीझर, मासे पंप, गॅलरी दिवा. तो बोटाने खाली खाली सरकत गेला, आणि यादीच्या अगदी तळाला, जिथे तो वर्षानुवर्षं फिरकला नव्हता, तिथे एक नाव होतं. गणपती-दोन. त्यापुढे हिरवा ठिपका. चालू.

"अरे देवा," अंधश्रद्धेचे कट्टर शत्रू म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या गणपतीला रोषणाई सुदेशने केली होती. माळांसाठी दोन स्मार्ट प्लग आणले होते. स्मार्ट प्लग म्हणजे भिंतीत खोचायची एक पांढरी डबी, जिच्यात दिव्याची पिन लावायची आणि जिला मोबाईलवरून सांगायचं, लाग किंवा विझ. रोज सूर्यास्ताला माळा लागाव्यात, दहाला विझाव्यात, असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं. सूर्यास्त कधी आहे ते ती इंटरनेटवरून रोजचं रोज विचारून घेते, ढग असोत नसोत. विसर्जनानंतर सामानाचं खोकं आवडाबाईंच्या माळ्यावर गेलं आणि सुदेश ते साफ विसरला.

"प्राप्ती, त्या दिव्याची पिन कशात लावलीये?"

"भिंतीत बसत नव्हती ती. आजीने माळ्यावरून कसलीतरी पांढरी पिन काढलेली, तिच्यात. फोटोच्या मागे आहे."

सुदेशने नावावर बोट ठेवलं. भिंतीपलीकडे भजन ओळीच्या मध्येच तुटलं. कोणीतरी किंचाळलं. त्याने पुन्हा बोट ठेवलं. "जय दामाजी!" असा गजर उठला. प्राप्तीने तोंडावर हात दाबला. सुदेशने खात्री करायला आणखी एकदा विझवला, तेव्हा रतनशेठांचा आवाज आला, "बोंबील कोणी खाल्ला?"

सोनल हसून हसून ओट्याला टेकली. सुदेश मात्र हसला नाही.

"उद्या सगळ्यांसमोर सांग," ती म्हणाली.

"सांगू काय? की हा चमत्कार मीच केलाय? सगळी सोसायटी मला बाबा म्हणेल. ग्रुपवर मी तोंड कसं दाखवू?"

"नको दाखवू. पोरीचं कॉलेज जाऊ दे," सोनल म्हणाली आणि कप विसळायला लागली. सुदेशला ते लागलं. लागायलाच हवं होतं.

शुक्रवारी गर्दी जिन्यातून खाली रिक्षास्टँडपर्यंत गेली. प्राप्तीला पाटावर बसवलं होतं, हातात पळीभर पाणी. महाराजांनी मंत्र सुरू केला. प्रशांतने पंचांगात पाहून खाकरायच्या आधीच सुदेश पुढे आला आणि आवडाबाईंच्या शेजारी मांडी घालून बसला.

"मावशी, हा माझा मोबाईल. इथे बोट लावा."

"आता? ज्योतीची वेळ झाली रे."

"म्हणूनच सांगतोय."

आवडाबाईंनी बोट लावलं. दिवा लागला. सूर्यास्ताला अजून सहा मिनिटं बाकी होती.

महाराजांचा हात अर्धवट वर गेलेला, तो तिथेच राहिला. "आला! आज लवकर आला दामाजी!" रतनशेठ ओरडले.

"पुन्हा लावा बोट," सुदेश म्हणाला. दिवा विझला. पुन्हा. लागला. आवडाबाईंनी पाच वेळा लावला, पाच वेळा विझवला.

सुदेश उभा राहिला, फोटो बाजूला सरकवला, भिंतीत खोचलेली पांढरी डबी सगळ्यांना दाखवली आणि सगळी हकिकत सांगितली. गणपतीची रोषणाई, माळ्यावरचं खोकं, सोमवारचा राउटर, सगळं. "नवा राउटर लावताना नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला, म्हणून मंगळवारपासून दिवा पुन्हा लागायला लागला. बोंबलाचा काही संबंध नाही. चूक माझी आहे. सोसायटीभर भाषणं देत फिरलो आणि भूत माझ्याच मोबाईलमध्ये होतं."

"लहरी!" महाराजांना वाचा फुटली. "मंत्र म्हणजेही लहरी, मोबाईल म्हणजेही लहरी! हेच तर मी सांगत होतो!"

"मग मंत्राने लावून दाखवा," प्राप्ती पाटावरून उठली. तिने डबी भिंतीतून उपटली होती. "आता लावा. बोलवा आजोबांना."

महाराजांनी मंत्र म्हटला, मोठ्याने म्हटला, दोन्ही हात वर करून म्हटला. डबी तिच्या हातात आणि दिवा तिच्या काखेत होता. तो लागला नाही. मग तिने प्रशांतच्या मांडीवरचं पंचांग उचललं. सूर्यास्ताच्या रकान्यात रोजच्या वेळेवर पेन्सिलीने खूण केलेली होती, आणि सोमवारच्या वेळेपुढे लहानसं प्रश्नचिन्ह.

महाराजांना एकाएकी आठवलं की मोहन्याला जायला नंतर रिक्षा मिळत नाही. चपलांच्या ढिगात त्यांना स्वतःच्या सापडल्या नाहीत. ते प्रशांतच्या घालून गेले.

गर्दी पांगली. आवडाबाई फोटोसमोर तशाच बसून होत्या. सुदेशला वाटलं, आता त्या ओरडतील, आणि ओरडल्या तर बरंच होईल.

"म्हंजे तो आमचा म्हातारा नव्हता?"

"नाही, मावशी. मी विसरलेली वस्तू होती ती."

"महिनाभर मी त्याच्याशी बोलले रे. काय काय सांगितलं. ते सगळं तुझ्या डबीला?"

सुदेश त्यांच्याजवळ खाली बसला. त्याला स्वतःची फार लाज वाटली. चमत्कार मोडणं सोपं असतं, पण त्याच्या आधाराने बसलेल्या माणसाला उठवणं अवघड असतं, हे त्याच्या एकाही भाषणात नव्हतं.

आवडाबाईंनी पदराने फोटोची काच पुसली. "जित्ता होता ना, तेव्हा बोलायचा, पोरीला शिकव. जाळी नको हातात देऊ तिच्या. किती वेळा बोलला. या कानांनी ऐकलंय मी. ते मी विसरले, नि दिव्याचं ऐकत बसले." त्यांनी नातीकडे पाहिलं. "उठ. गाडी किती वाजता हाय तुझी? आणि त्या डब्यात बोंबील हायत का संपवलंस सगळं?"

त्या रात्री दुसऱ्या मजल्यावर सुक्या बोंबलाचा असा वास सुटला की रतनशेठ वर येऊन विचारून गेले, उरलाय का.

प्राप्ती शनिवारी वेळेत पोचली. रविवारी सुदेशने आवडाबाईंच्या भिंतीतलं सॉकेट बदलून दिव्याची पिन थेट बसवून दिली. आता तिन्हीसांजेला त्या स्वतः उठतात, बटण दाबतात, दिवा लागतो. फोटोशी बोलतातही. त्याला कोणाची हरकत असायचं कारण नाही. आठवण ही काही अंधश्रद्धा नव्हे. फोटोच्या तोंडून दुसराच कोणी बोलायला लागला की मात्र सावध व्हावं. सुदेशने पासवर्ड बदलला, त्यामुळे घरातल्या एकतीस उपकरणांना नवा पासवर्ड शिकवण्यात त्याचे दोन दिवस गेले. सोनलने ते प्रायश्चित्त म्हणून मोजले.

मागच्या आठवड्यात रतनशेठ धापा टाकत वर आले. कल्याणला कोणाकडे म्हणे देवीची मूर्ती आपोआप डोलते, सगळे चाललेत, आवडाबाई, तुम्ही येता का?

"आधी तिची पिन काढून बघा," आवडाबाई मासे साफ करता करता म्हणाल्या. "तरी डोलली तर मना हाक मारा. मी पन येते."