हॉलमधल्या चतुराबाईंची बाज

मी एक जुनी बाज आहे, मित्रांनो; बाभळीची, सुंभाने विणलेली आणि जराशी तोंडाळ. किल्लारीजवळच्या एका गावात शेषेरावांनी मला सुताराकडून करून घेतलं आणि विणलं मात्र स्वतः. भूकंपानंतर सगळं गाव उघड्यावर झोपायचं, तेव्हा त्यांचा तान्हा हरिओम माझ्यावरच निजला. पाहुणे आले की मला ओढून अंगणात आणायचे. "बाज असावी तर अशी," असं कुणी म्हटलं की मी फुगून जायचे.

पुढे शेषेराव गेले, हरिओम लातूरला क्लासमध्ये मास्तर झाला आणि त्याची माय चतुराबाई घरात एकट्या उरल्या. त्यांच्यासारखे गावात बरेच होते. तेव्हा गावाने एक शहाणपणा केला. भूकंपानंतर बांधलेला मोठा हॉल नुसता कुलूप लावून पडला होता. त्यात खोल्या पाडल्या, मधे सगळ्यांचं एकच स्वयंपाकघर ठेवलं आणि एकट्या म्हाताऱ्या माणसांना राहायला दिलं. भाडं म्हणून ज्याला जमेल तेवढी ज्वारी. चतुराबाई हौसेने मला घेऊन तिथे गेल्या. शेजारच्या खोलीतल्या नागम्माबाईंशी त्यांचं असं गूळपीठ जमलं, की दोघींच्या गप्पांत माझा डोळा लागेना.

गावात मात्र कुजबुज झाली, लेकाने आईला वाऱ्यावर सोडलं म्हणून. ते हरिओमच्या कानावर गेलं आणि त्याने मनाला लावून घेतलं. तो फोन करायचा, फळं पाठवायचा, पण हॉलकडे फिरकेना. दिवाळीलाही त्याने आईला फाट्यावर बोलावलं आणि तिथूनच जीपमध्ये घालून नेलं.

एका रविवारी आईला कायमचं घेऊन जायचं, असं ठरवूनच तो आला. नेमके मला ढेकूण झाले होते. नागम्माबाईंनी माझ्यावर उकळतं पाणी ओतून मला दारात उन्हाला उभं केलं होतं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याची बाज अशीच दाराबाहेर उभी करतात. हरिओमने मला पाहिलं आणि त्याच्या हातातली पिशवी गळून पडली.

"माय, मी आलोच न्हाई गं!" म्हणत तो माझे पाय धरून रडला. खरं सांगते, त्याला अद्दल घडली म्हणून मला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची शरमही लगेच वाटली. माझ्या अंगावर वाढलेलं पोर होतं ते.

आवाज ऐकून चतुराबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "काय झालं रे? मी भाकरी थापायले."

आईला समोर पाहून तो जास्तच रडला. मग डोळे पुसत म्हणाला, "माय, चल माझ्यासंगं. लोक नावं ठेवायलेत. लई लाज वाटती."

"घर हेच हाय माझं. हितं मी सुखात हाय. नागम्माचं पोरगं दर बाजारला येतंय, जेवतंय, जातंय. माझं येत न्हाई. मला त्याची लाज वाटती, हरी."

हरिओमने मला आडवं केलं, मी ओली होते तरी माझ्यावरच बसला, आणि नागम्माबाईंनी त्याच्यासमोर ताट ठेवलं.

मित्रांनो, तुमची आजी तिच्या मर्जीने कुठे राहत असेल, तर तिला तिथून ओढून आणू नका. आणि लोकांच्या बोलण्याला भिऊन तिच्याकडे जायचं टाळूही नका. ती वाट बघते, हे ती तुम्हाला फोनवर सांगणार नाही.